बत्तीस हातांची राजनौका : आतल्या मांडणीचं गणित

काम आलं ते एका वस्तुसंग्रहासाठी. तापी नदीत चालेल अशा राजनौकेची 1:10 मापाची प्रतिकृती, आतल्या बैठकीसकट, आणि अट एकच की ती पाण्यात तरली पाहिजे. या अटीने कामाचा सगळा क्रमच फिरवला. नुसती काचेच्या पेटीत ठेवायची असती, तर सुरुवात नाळेवरच्या, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावरच्या, नक्षीपासून केली असती तरी चाललं असतं. तरायची म्हटल्यावर आधी वजन, मग उंची, मग बसण्याच्या जागा, आणि नक्षी सगळ्यांच्या शेवटी.

मापं घेतली ‘युक्तिकल्पतरू’मधून. धारच्या परमार राजा भोजाच्या नावावर असलेला हा संस्कृत ग्रंथ अकराव्या शतकातला धरतात. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की धार फार लांब नाही, त्यामुळे जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला तो परमुलखातला वाटत नाही. त्यात नावांचे सामान्य आणि विशेष असे दोन गट केलेत. विशेष गटातल्या ‘दीर्घा’ जातीच्या नावांचा हिशेब पाठ करायला सोपा आहे: रुंदी लांबीच्या आठव्या हिश्शाइतकी, उंची दहाव्या हिश्शाइतकी. त्यातली सगळ्यांत लहान ‘दीर्घिका’, 32 हात लांब, 4 हात रुंद आणि 3.2 हात उंच. हात 18 इंचांचा धरला की 48 फूट लांब, 6 फूट रुंद, 4.8 फूट उंच. सगळ्यांत मोठी ‘वेगिनी’ 176 हातांची, म्हणजे 264 फूट. तापीचा विचार करता आम्ही दीर्घिकेवरच थांबलो.

कारण तापी ही काही बारमाही खोल नदी नाही. खडक, वाळू, पावसाळ्यात गढूळ लोंढा आणि उन्हाळ्यात जागोजागी उघडं पात्र. हतनूरचं धरण, सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा इथले बॅरेज यांच्या मागे पाणी तुंबतं, तेवढ्याच पट्ट्यात मोठी नाव सुखाने फिरेल. बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला थेट तापीच्या काठावर उभा आहे. 1631 मध्ये मुमताजमहलला आधी पुरलं ते पलीकडच्या काठावर, झैनाबादेत. म्हणजे राजघराण्याची ये-जा या पात्रातून होतच होती. पण उथळ पाण्याचा नियम राजालाही चुकत नाही. म्हणून नाव पाण्यात दीड फुटापेक्षा जास्त बसू द्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून टाकलं.

ग्रंथात नावांची आणखी एक विभागणी आहे, ती मंदिरावरून. मंदिर म्हणजे इथे नावेवरची खोली. टोकापासून टोकापर्यंत खोली असेल तर सर्वमंदिरा: खजिना, घोडे आणि राजस्त्रिया यांच्यासाठी. खोली पुढे असेल तर अग्रमंदिरा: लांबचा प्रवास आणि लढाई, पावसाळा सरल्यावर. खोली मधोमध असेल तर मध्यमंदिरा: राजाच्या जलविहारासाठी आणि पावसाळ्यासाठी. आम्हाला हवी होती ती हीच.

लंडनकडच्या राजनौकांत खोली मागे असते. विल्यम केंटने आखलेली प्रिन्स फ्रेडरिकची 1732 सालची नौका ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे, 63 फूट लांब. वल्हेकरी सगळे पुढे, सोनेरी वर्खाची खोली मागच्या अंगाला. बँकॉकच्या सुफन्नाहोंग या राजनौकेवर (1911) मात्र राजाचा मंडप मधल्या भागात. तिची लांबी सुमारे 46 मीटर आणि रुंदी 3.17 मीटर, म्हणजे रुंदीच्या चौदा-साडेचौदा पट लांबी. त्यापुढे आपली आठ पट म्हणजे रुंदच म्हणायची.

खोली मधे की मागे, हे आम्ही वजनं हलवून बघितलं. सांगाडा तयार झाल्यावर, मंदिर अजून पक्कं बसवलेलं नसताना, त्याच्या वजनाची शिशाची गोळी एकदा मधे ठेवली आणि एकदा मागे, वल्हेकऱ्यांची वजनं त्याप्रमाणे पुढेमागे केली. खोली मागे असली की सहा प्रवासी चढल्यावर आणि उतरल्यावर नाळ आणि पिछाडी यांच्या उंचीत सव्वा सेंटीमीटरचा फरक पडतो. पूर्ण मापात तो 12-13 सेंमी. राजा घाटावर उतरला की नाळ खाली आणि सुकाणू वर, असा प्रकार. खोली मधोमध असली की चढउतार झाल्यावर नाव सरळ खाली बसते आणि सरळ वर येते. उथळ पाण्यात याचं मोल मोठं आहे, कारण नाव टेकते ती नेहमी तिच्या सगळ्यांत खोल टोकावर.

मध्यमंदिरेची अडचण वेगळी. खोली नावेची पूर्ण रुंदी खाते, त्यामुळे पुढचे वल्हेकरी एकीकडे, मागचे दुसरीकडे. त्यांनी एकमेकांकडे जायचं तर राजाच्या बैठकीतून जायचं? तेव्हा खोलीच्या बाहेरून दोन्ही अंगांना 6 इंच रुंदीची पायपट्टी काढली आणि छपराच्या कडेला हात धरायला दांडी दिली. एक माणूस त्या पट्टीवरून चालला की नाव साडेतीन अंशांच्या आसपास कलते. दोघं एकाच बाजूने गेले तर दुप्पट. हे चालण्याजोगं आहे, पण त्याहून जास्त माणसं एका बाजूला नकोत. ताल धरायचा तर पुढच्यांना मागचे दिसत नाहीत, म्हणून तो आवाजावरच ठेवावा लागतो. नाळेपाशी ढोल वाजवणाऱ्या एका माणसाची जागा त्यासाठी राखली.

मांडणी हातातच केली, फूट-इंचात नाही. एकदा हात हे एकक धरलं की सगळं आपोआप जुळत जातं, हे कागदावर रेघा ओढताना लक्षात येतं. नाळेकडचा झाकलेला भाग 4 हात. मग वल्हेकऱ्यांच्या बसायच्या चार फळ्या, दोन-दोन हातांच्या अंतराने, 8 हात. अर्धा हात मोकळा. मंदिर 7 हात. पुन्हा अर्धा हात मोकळा, मागच्या चार फळ्या 8 हात, आणि सुकाणूवाल्याचा चौथरा 4 हात. बेरीज बरोबर 32, आणि मंदिराचा मध्य सोळाव्या हातावर, नावेच्या ऐन मध्यावर. फासळ्याही हाताहातावरच ठेवल्या, अर्ध्या हातापासून मोजत, त्यामुळे प्रत्येक फळी आणि मंदिराच्या दोन्ही भिंती कुठल्या ना कुठल्या फासळीच्या जवळ येतात. भिंत दोन फासळ्यांच्या मधे टेकवली की तळाच्या फळीवर वाक येतो आणि पुढेमागे सांधा उघडतो.

उंचीबद्दल मात्र ग्रंथाचा आकडा जसाच्या तसा घेऊन चालत नाही. 4.8 फूट उंची नावेच्या मध्यावर ठेवली, तर पाण्यावरची भिंत एक मीटर होते. एवढ्या उंचीवरून वल्हं पाण्यात उतरवायचं तर ते जवळजवळ उभं धरावं लागेल. म्हणून ती उंची आम्ही दोन्ही टोकांना दिली आणि मधे काठ खाली आणला. तळापासून 85 सेंमी, त्यातले 46 पाण्यात, 39 वर. वल्हं 11 फुटांचं, त्यातला आतला भाग पावणेतीन फूट. शेजारी बसलेल्या दोघांच्या मुठी मधोमध एकमेकींना घासत नाहीत, तेवढी जागा उरते. खुंट्या बाभळीच्या. सागाची खुंटी दिसायला चांगली, पण वल्ह्याच्या रेट्याने तंतूंच्या रेषेत चिरते.

वल्हेकरी पाठमोरे बसतात, म्हणजे त्यांचं तोंड पिछाडीकडे. याचा मांडणीवर थेट परिणाम होतो. पुढचे आठ जण सतत मंदिराच्या पुढच्या दाराकडे बघत राहणार. मागच्या आठांची मंदिराकडे पाठ. म्हणून पुढच्या दाराला जाड पडदा लागतो आणि मागची बाजू नुसत्या चिकेवर, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या पडद्यावर, भागते.

मंदिराच्या आत काय बसतं हे प्रतिकृतीवरून कळत नाही. त्यासाठी शेडमध्ये जमिनीवर खडूने पूर्ण मापाची आखणी केली, कामट्या उभ्या केल्या आणि वर जुनी लुगडी ताणली. आतली रुंदी फासळ्या वजा जाता 5 फूट, लांबी साडेदहा फूट, उंची तळफळीपासून दीड मीटर. आत गाद्या टाकून माणसं बसवली. मांडी घालून बसलेल्या माणसाला 27 इंच रुंदी आणि 24 इंच खोली लागते. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवले तर मधे उरतो फक्त एक फूट. त्या फुटातून पानदान घेऊन कुणी जाऊ शकत नाही, गुडघे आड येतात. दमणीत, म्हणजे बैलांच्या छोट्या गाडीत, चार माणसं कोंबल्यावर होतं तसंच.

शेवटी ठरलं ते असं. मागच्या अडीच हातांत राजाची मसनद, नावेच्या मध्यरेषेवर, तोंड पुढे. तिची गादी बाकीच्यांपेक्षा फक्त 4 इंच उंच. पुढे तीन हातांत दोन्ही बाजूंना दोन-दोन जणांची बैठक, पण समोरासमोर नाही. एका बाजूची जागा दुसऱ्या बाजूपेक्षा पाऊण हात पुढे सरकवलेली. त्यामुळे मधून वाकडीतिकडी का होईना, वाट निघते. सहावा माणूस मसनदीच्या मागे, पंख्याची दोरी ओढायला. हा पंखा छपराला टांगलेला झालरीचा आहे, सहा किलोंच्या आत. चवरी घेऊन माणूस उभा करायचं टाळलं, त्याचं कारण पुढे येईल. पहिल्या दीड हातात उंबरा, जोडे काढायची जागा आणि पाण्याची सुरई. सुरई मध्यरेषेवरच, खाचेत रुतवून. दार साडेचार फुटी. वाकूनच आत यावं लागतं, पण जुन्या वाड्यांची दारंही तशीच असतात आणि राजापुढे वाकून येण्यात कुणाची हरकत नसावी.

खिडक्या प्रत्येक अंगाला तीन, महिरपीच्या. खालची चौकट गादीपासून 10 इंचांवर. आधी ती 18 इंचांवर धरली होती, तेव्हा बसलेल्या माणसाला समोरचा काठ दिसायचा, पाणी दिसत नव्हतं. नावेत बसून पाणी दिसत नसेल तर घरच्या ओट्यावर बसलेलं काय वाईट.

आता बांधणी. साग जुन्या धाब्याच्या घराच्या तुळयांतला घेतला. अशी घरं खान्देशात सारखी मोडली जातात, आणि कित्येक दशकं छपराखाली वाळलेला तो साग नव्या सागापेक्षा कमी वाकतो. खिळ्यांची भोकं असलेला भाग मात्र आधी चुंबक फिरवून बघावा. आत राहिलेला खिळा रंध्याचं पातं एका झटक्यात घालवतो. फासळ्या 6 मिमी मरीन प्लायवुडच्या, साडेचार सेंटीमीटरवर एक. अंगाच्या पट्ट्या 3 मिमी जाड. मध्यावर 12 मिमी रुंद, टोकांकडे निमुळत्या होत 6 मिमी, दर बाजूला बारा. मध्यावर घेर जास्त आणि टोकाला कमी, त्यामुळे सगळ्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या ठेवल्या तर त्या नाळेपाशी एकमेकींवर चढतात. प्रत्येक पट्टी स्वतंत्र रंधून बसवायला पर्याय नाही. पट्टी गरम पाण्यात अर्धा तास ठेवायची, मग तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वाकवायची आणि चिमटे लावून तशीच वाळू द्यायची. ओल्या पट्टीला इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का डिंक) लावू नये. आणि साग तेलकट असतो, म्हणून सांध्याची कड चिकटवण्याच्या ऐन आधी ॲसिटोनने पुसायची. पुसून तासभर ठेवली तर तेल पुन्हा वर येतं. डाव्या-उजव्या पट्ट्या जोडीनेच चढवायच्या. एका बाजूच्या तीन-चार आधी लावल्या की कणा त्या बाजूला ओढला जातो, आणि तो पीळ नंतर निघत नाही.

खान्देशचा उन्हाळा हा या कामातला सगळ्यांत मोठा वैरी. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, हवा कोरडीठाक. तेव्हा बसवलेली घट्ट पट्टी पाण्यात गेल्यावर फुगते आणि शेजारणीला ढकलते. पावसाळ्यात बसवलेली पट्टी उन्हाळ्यात आकसते आणि फट दाखवते. म्हणून आतून-बाहेरून इपॉक्सीचे पातळ हात दिले, आणि आतला हात विसरला जाऊ नये म्हणून मंदिराची तळफळी त्यानंतरच बसवली. पूर्ण मापाच्या लाकडी नावेला हा उपाय नाही. तिथे फटीत कापसाची वात ठोकून राळ-तेलच भरावं लागेल, आणि नाव उन्हात ओढून ठेवण्याऐवजी पाण्यातच ठेवावी लागेल.

ग्रंथात लाकडाचीही वर्गवारी आहे. हलकं आणि टणक लाकूड नावेला उत्तम, आणि दोन जातींचं लाकूड एकत्र वापरू नये, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या भागाशी आम्ही सहमत नाही, निदान मंदिरापुरते तरी. तिथे सागापेक्षा शिवण या झाडाचं लाकूड बरं; ही शिवण वजनाला हलकी, कोरायला सोपी आणि कमी फिरणारी.

मग वजनांचा हिशेब. 1:10 प्रतिकृतीत लांबी दहावा हिस्सा, पण वजन हजारावा हिस्सा, कारण तिन्ही बाजू दहाने कमी होतात. पूर्ण मापाची नाव अशी धरली: सांगाडा 1600 किलो, मंदिराच्या भिंती 200, छप्पर 150, सोळा वल्हेकरी 1040, सहा प्रवासी 420, सुकाणूवाला, ढोलवाला आणि नाळेवरचा टेहळ्या मिळून 195, आणि नाव स्थिर राहावी म्हणून तळाशी घालायचा भार 1100. एकूण 4705 किलो, म्हणजे प्रतिकृती 4705 ग्रॅमची. नुसता सांगाडा तराजूवर भरला 1180 ग्रॅम. 1600 हवे होते. उरलेले 420 ग्रॅम शिसं तळाशी टाकून मोकळं व्हावंसं वाटतं, पण तसं केलं तर नाव खोटंच स्थिर दिसते. वजन जुळून भागत नाही, वजनाची उंचीही जुळावी लागते. म्हणून ते शिसं फासळ्यांच्या बाजूंना, तळापासून साडेपाच सेंमी उंचीवर चिकटवलं. माणसांच्या जागी जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या, कापडी पुरचुंडीत बांधून, बसलेल्या माणसाच्या पोटाच्या उंचीवर.

चाचणी शेततळ्यात घेतली. प्लास्टिक अंथरलेलं केळीच्या बागेचं तळं, सकाळी लवकर, वारा सुटण्याच्या आत. पद्धत सोपी आहे. मंदिरात 30 सेंमी लांब दोऱ्याचा ओळंबा टांगायचा, खाली मिलिमीटरची पट्टी. 100 ग्रॅमचं वजन मध्यरेषेवरून 8 सेंमी बाजूला सरकवायचं आणि ओळंबा किती सरकला ते वाचायचं. जितका जास्त सरकेल तितकी नाव कच्ची. दोन्ही बाजूंना करून सरासरी घ्यायची, कारण सांगाडा कधीच अगदी समतोल नसतो.

गादीवर बसलेले प्रवासी आणि हलकं छप्पर असताना ओळंबा 24 मिमी सरकला. प्रवाशांना 40 सेंमी उंचीच्या खुर्च्यांवर बसवलं, म्हणजे पुरचुंड्या 4 सेंमी वर उचलल्या, तर 28. सहाही जण उभे राहिले तर 33. पुढे मूळ आराखड्यातलं छप्पर बसवलं: कोरीव साग, तीन कळस, पूर्ण मापात 320 किलो. प्रवासी गादीवरच, तरीही 33. म्हणजे जड छप्पर हे सहा माणसं कायमची उभी करण्यासारखं आहे. दोन्ही एकत्र केल्यावर ओळंबा 57 वर गेला.

त्याच अवस्थेत सहाही पुरचुंड्या एका बाजूच्या खिडकीपाशी नेल्या, घाटावरचं देऊळ बघायला सगळे एकदम सरकले अशी कल्पना करून. नाव कलली आणि कलतच गेली. काठ पाण्याला लागला, वल्ह्याच्या खुंट्यांच्या भोकांतून पाणी आत आलं, आलेलं पाणी त्याच बाजूला साचलं आणि कळसासकट छप्पर तळ्यात आडवं झालं. हलकं छप्पर आणि गादीवरची बैठक ठेवून हेच केलं, तेव्हा नाव 12 अंशांच्या आत थांबली. पाण्यावर काठ पूर्ण मापात 20 सेंमी शिल्लक होता. मंदिरात चवरीवाला उभा का केला नाही, त्याचं उत्तर या दोन प्रयोगांत आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जड छपराची नाव हाताने डोलवून सोडली की एक पूर्ण डोल घ्यायला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. हलक्या छपराची एका सेकंदात परतते. प्रतिकृतीतल्या वेळेला 3.16 ने गुणलं की पूर्ण मापातली वेळ मिळते, म्हणजे पाच सेकंद आणि तीन सेकंद. बसणाऱ्याला पहिलीच ऐसपैस वाटते. झटकन परतणारी नाव राजाला आवडणार नाही, पण भरवसा तिच्यावरच ठेवावा.

कळसांचं छप्पर काढण्याचं दुसरं कारण सुकाणूवाला. त्याचा चौथरा तळापासून 80 सेंमीवर, डोळे साधारण 2.35 मीटरवर. छपराचा माथा 2.60 वर असेल तर त्याला पुढचं काहीच दिसत नाही. माथा 2.25 ला आणला तरी छपराच्या पुढच्या कडेवरून बघताना समोरचं सुमारे 150 मीटर पाणी झाकलेलंच राहतं. 2.10 ला आणल्यावर ते अंतर 60 मीटरवर आलं. त्याहून खाली नेलं तर आत फेटा टेकतो. म्हणून तिथेच थांबलो आणि नाळेवर हाताने खुणा करणारा टेहळ्या ठेवला.

नवीन छप्पर शिवणीच्या 4 मिमी कमानींचं, वर मांजरपाट ताणून खळ आणि तेलरंगाचे तीन हात. कापड ओलं करून ताणावं, वाळताना ते स्वतःच घट्ट बसतं; फार ताणलं तर कमानी आत ओढल्या जातात आणि कडा लाटांसारख्या होतात.

तळाचा भार आम्ही शिशाच्या गोळ्या इपॉक्सीत ओतून फासळ्यांच्या खणांत बसवला. खऱ्या नावेत काळा दगड चालेल, पण तो प्रत्येक खणात पाचर मारून पक्का हवा. नाव कलल्यावर सुटा भार कललेल्या बाजूलाच जातो. साचलेल्या पाण्याचंही तेच, म्हणून तळफळीखाली मध्यरेषेवर एक उभी फळी घातली. पाणी दोन भागांत विभागलं की त्याचा लोंढा अर्ध्याच रुंदीत धावतो आणि त्याचं बळ बरंच कमी होतं.

राजेपण दाखवायला मग उरतं ते बिनवजनाचं: रंग, वर्ख आणि कापड. ग्रंथ डोलकाठ्यांच्या संख्येवरून रंग सांगतो: चारला पांढरा, तीनला तांबडा, दोनला पिवळा, एकीला निळा. आमच्या नावेला एकच काठी, ध्वजाची, म्हणून अंग निळं. नाळेच्या तोंडासाठी सिंह, रेडा, नाग, हत्ती, वाघ, पक्षी, बेडूक आणि माणूस असे आठ पर्याय दिलेत. पक्षी घेतला, मोराची मान. ती आतून पोखरली, भिंत 5 मिमी ठेवली. भरीव ठेवली असती तर नाळ खाली गेली असती. सोन्याचा वर्ख वजनाला शून्यच धरावा. तो बसवायला खालचा रंग गुळगुळीत हवा आणि चिकटा अर्धवट वाळलेला. फार ओला असेल तर वर्ख त्यात बुडून काळपट दिसतो. झालरी आणि मखमल मात्र फसवी. कोरडी हलकी, पण शिडकाव्याने भिजली की पाण्याचं सगळं वजन छपराच्या कडेवर, सगळ्यांत वाईट जागी टांगलेलं. बाहेरच्या झालरीसाठी म्हणून पाणी न पिणारं पातळ रेशमी कापड, आणि मखमल फक्त मसनदीवर.

ही नाव पूर्ण मापात सारंगखेड्याच्या तुंबलेल्या पाण्यात सोडायची झाली तर दोन गोष्टी बदलाव्या लागतील. 2021च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्राशिवाय चालणाऱ्या नावांचाही विचार केलेला आहे, त्यामुळे नोंदणीचं बघावं लागेल. आणि पंचवीस माणसांसाठी पंचवीस जीवरक्षक जॅकेटं हाताशी हवीत. वल्हेकऱ्यांची त्यांच्या फळीखाली बसतात, तिघांची चौथऱ्याखाली आणि नाळेत. प्रवाशांची सहा ठेवायला मात्र मसनदीची 4 इंचांची उंची पुरत नाही. ती 7 इंच करावी लागेल, आणि राजा 3 इंच वर गेला म्हणून खिडकीची चौकटही तेवढीच वर घ्यावी लागेल.